कवच वेळेत हवे

पुलवामात १४ फेब्रुवारी २०१९ रोजी केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान गेले. त्यांत मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातील चोरपांगऱ्याचे नितीन राठोड होते. त्यानंतर अडीच महिन्यांनी, ऐन महाराष्ट्रदिनी, गडचिरोलीत कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला भूसुरुंगाचा स्फोट झाला. त्यात १५ पोलीस जवान आणि त्यांचा वाहनचालक यांचा बळी गेला. त्या जवानांतही बुलढाणा जिल्ह्यातली माणसे होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपळगाव सराईचा अग्निवीर अक्षय गवते सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना गेला. अंगावरच्या जाकिटाने यांपैकी कोणी वाचले असते, असे आम्ही म्हणत नाही. पण स्फोटकांनी भरलेली गाडी, रस्त्याखाली पेरलेला सुरुंग आणि हिमनदीवरचा निर्दय निसर्ग हे तीन वेगळे वैरी आहेत, आणि एकाच जिल्ह्यातली मुले त्या तिघांसमोर उभी राहतात. म्हणून उद्याच्या सैनिकाचा संरक्षक पोशाख कसा असावा, हा प्रश्न दिल्लीइतकाच चिखली, मेहकर आणि देऊळगाव राजाच्या रस्त्यांवर पहाटे भरतीसाठी धावणाऱ्या पोरांचा आहे.

या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर आपल्या प्रयोगशाळांत बऱ्याच अंशी तयार आहे. डीआरडीओच्या कानपूर येथील प्रयोगशाळेने एप्रिल २०२४ मध्ये भारतीय मानकातील सर्वांत वरच्या, म्हणजे सहाव्या पातळीच्या धोक्याला तोंड देणारे देशातले सर्वांत हलके जाकीट सादर केले. पोलाद भेदणाऱ्या ७.६२ मिलिमीटरच्या गोळ्या ते अडवते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डीआरडीओ आणि दिल्लीच्या आयआयटीने मिळून ‘अभेद’ जाकिटे तयार केली. संरक्षणाच्या पातळीनुसार त्यांचे किमान वजन ८.२ आणि ९.५ किलो आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये मेजर अनुप मिश्रा यांनी ‘सर्वत्र’ हे अंगभर संरक्षण देणारे कवच घडवले. काश्मीरमध्ये त्यांना स्वतःला गोळी लागली होती. जाकिटाने ती अडवली, पण धक्क्याने शरीराला इजा झालीच. त्या अनुभवातून हे काम उभे राहिले.

गोळी अडवणे हे जाकिटाचे अर्धेच काम आहे, हेच त्यातून दिसते. पुढची कठीण सिरॅमिक पाटी गोळीचे टोक फोडते आणि मागचे पॉलिमरचे थर उरलेला वेग शोषून घेतात. तरीही राहिलेला धक्का फासळ्यांपर्यंत पोहोचतो. तो कमी करण्यासाठी थर वाढवले की वजन वाढते. त्यावर बंदूक, काडतुसे, पाणी, वायरलेस आणि रात्री पाहण्याचे उपकरण आलेच. उद्याच्या पोशाखात नाडी आणि शरीराचे तापमान मोजणारे संवेदक येतील, शत्रूच्या उष्णतावेधी कॅमेऱ्याला चकवणारे कापड येईल, आणि हे चालवणाऱ्या बॅटऱ्यांचे ओझेही येईल. मे महिन्यात गडचिरोलीच्या दमट जंगलात दिवसभर चालणाऱ्या जवानाला हे ओझे आणि त्याखालचा उकाडा सोसला नाही, तर तो कवच काढून ठेवील, आणि काढून ठेवलेले कवच कोणालाही वाचवत नाही. म्हणून गोळी अडवणे ही एकच कसोटी पुरेशी नाही. तो पोशाख घालून माणूस आठ तास चालू शकतो का, आडवा पडून नेम धरू शकतो का, जखमी साथीदाराला उचलू शकतो का, हे प्रत्यक्ष जंगलात, वाळवंटात आणि बर्फात पाहिले पाहिजे. दलांत आता मुलीही मोठ्या संख्येने आहेत. पुरुषाच्या मापाचे जाकीट त्यांच्या अंगावर चढवून भागणार नाही.

मात्र आमची खरी तक्रार प्रयोगशाळांविषयी नाही. ती प्रयोगशाळेपासून जवानापर्यंतच्या वाटेविषयी आहे. सैन्यासाठी १ लाख ८६ हजार जाकिटांच्या खरेदीला २००९ मध्ये मंजुरी मिळाली. ६३९ कोटी रुपयांचा करार झाला तो एप्रिल २०१८ मध्ये. मधली नऊ वर्षे निविदा, चाचण्या आणि फेरविचार यांत गेली. बुलेटप्रूफ जाकिटांसाठी स्वतःचे भारतीय मानकही आपल्याला २०१८ मध्येच मिळाले. सियाचीनसारख्या उंचीवर लागणारे कपडे, हिमचष्मे आणि बूट यांच्या टंचाईवर महालेखापरीक्षकांनी २०२० च्या फेब्रुवारीत संसदेपुढे आलेल्या अहवालात बोट ठेवले होते. हिमचष्म्यांची कमतरता ६२ ते ९८ टक्के होती आणि नवे बूट न मिळाल्याने जवानांना जुनेच दुरुस्त करून वापरावे लागले, हे त्यात नोंदलेले आहे. आता उणे ६० अंशांपर्यंत चाचणी झालेली ‘हिमकवच’ ही थरांची वस्त्रप्रणाली डीआरडीओकडे आहे. तिचीही फाईल वर्षानुवर्षे फिरत राहिली, तर त्या संशोधनाचा हिमनदीवरच्या पोराला काय उपयोग?

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे गेले. त्यांचे जाकीट पुढे सापडेना. त्यांच्या पत्नी कविता करकरे यांना त्याचा शोध माहितीच्या अधिकारातून घ्यावा लागला. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याच्या कवचाबाबत ही बेपर्वाई झाली, तर साध्या शिपायाच्या जाकिटाची नोंद कोण ठेवते, त्याची मुदत कधी संपते, पाटीला तडा गेला आहे का हे कोण तपासते? खरेदीइतकीच देखभालही जीवन-मरणाची बाब आहे.

कवचाची काळजी घेणे म्हणजे शौर्यात उणेपणा, असा समज कुठे असेल तर त्याने सिंदखेडराजाला जाऊन यावे. त्या मातीत जन्मलेल्या जिजाऊंचा पुत्र १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाला भेटायला गेला, तो अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली शिरस्त्राण घालून. धाडस करणाऱ्याने आधी तयारी करायची असते, ही आपली रीत आहे.

या कामात बुलढाणा केवळ माणसे देणारा जिल्हा राहू नये. लॉर्ड मेयो यांनी १८७० मध्ये खामगावची रेल्वे सुरू केली ती इथल्या कापसासाठी. सैन्याने २०२२ मध्ये आणलेल्या नव्या लढाऊ गणवेशाच्या कापडात ७० टक्के सूत आहे. तरीही आपला कापूस अजून सरकीपासून वेगळा होऊन गाठींच्या रूपाने बाहेर जातो, आणि कवचासाठी लागणाऱ्या उच्च बळाच्या तंतूंसाठी देश परदेशांकडे पाहतो. तांत्रिक वस्त्रांसाठी केंद्राने २०२० मध्ये १,४८० कोटींचे अभियान मंजूर केले. शेजारच्या अमरावतीत पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क उभे राहत आहे. आग न धरणारे, घाम बाहेर सोडणारे लढाऊ सुती कापड तिथे विणले जावे, आणि त्यात खामगाव-मलकापूरच्या कापसाला वाटा मिळावा, ही मागणी जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी लावून धरली पाहिजे.

सरकारकडे आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. चाचणीत उतरलेल्या पोशाखाची खरेदी किती महिन्यांत व्हावी याची मुदत बांधा, आणि ती चुकल्यास जबाबदार कोण हे आधी ठरवा. सैन्याला जे कवच मिळते, त्याच दर्जाचे निमलष्करी दलांना आणि गडचिरोलीच्या पोलिसांना द्या. गोळी गणवेशाचा रंग पाहत नाही. पोशाखाबरोबर वाहनाचाही विचार करा. पुलवामानंतर आठवड्याभरात जवानांना विमानप्रवासाची मुभा मिळाली, म्हणजे इच्छा असली की निर्णय लवकर होतो. जांभुळखेड्याला मात्र जवान खासगी वाहनातून निघाले होते. आणि प्रत्येक दलाकडे किती कवचे वापरण्यायोग्य आहेत, याचा हिशेब दरवर्षी संसदेच्या आणि विधिमंडळाच्या समितीपुढे ठेवा.

शहिदाच्या अंत्ययात्रेला हा जिल्हा हजारोंनी जमतो. त्याच लोकांनी आता आपल्या खासदार-आमदारांना जवान हयात असतानाच जाब विचारला पाहिजे: आमच्या पोराच्या अंगावर आज काय आहे, आणि जे हवे ते कधी मिळणार?