उशाशी असावा पाहुणचार

बदलीच्या नोकरीमुळे मराठी कुटुंबे दिल्लीपासून चेन्नईपर्यंत विखुरली आहेत. त्यांच्याकडे मुक्कामाला येतात ती बहुधा गावाकडची वृद्ध वडीलधारी मंडळी. त्यांची खोली आपण हौसेने सजवतो. परंतु पलंगाशेजारच्या मेजावर फुलदाणी, मूर्ती आणि तसबिरींची इतकी दाटी होते, की चष्मा ठेवायलाही जागा उरत नाही. माझ्या मते, त्या मेजाचा निम्मा भाग रिकामा ठेवणे हीच त्याची उत्तम सजावट होय.

पाहुणा रात्री काही मागत नाही. त्याला संकोच वाटतो. पूर्वी उशाशी भरलेले तांब्या-भांडे ठेवीत, त्यामागे हीच जाण होती. म्हणून मेजावर झाकलेले पाणी हवेच. मेज गादीच्या उंचीचे असावे, म्हणजे पडल्या पडल्या हात पोहोचतो. दिव्याचे बटण अंथरुणातूनच सापडावे. उतारवयात अंधारात उठताना तोल गेला तर हाड मोडण्याचे भय असते. सुमारे २७०० केल्व्हिनचा पिवळसर दिवा डोळ्यांना सौम्य वाटतो. औषधांसाठी व कवळीसाठी झाकणाच्या दोन डब्या आणि मोबाइलसाठी चार्जर ठेवावा. शिवाय एका चिठ्ठीवर आपला फोन क्रमांक आणि घराचा पत्ता मराठीत व स्थानिक लिपीत ठळक लिहावा. सकाळी फिरायला गेलेल्या वडिलांना रिक्षावाल्यास तो दाखवता येतो.

या तयारीस खर्च नगण्य आहे. काही न मागता राहता आले, तरच वडीलधाऱ्यांना ते घर आपले वाटेल आणि त्यांचा मुक्कामही लांबेल.