दोन हत्तींचा हिशेब

आपली मुले बुद्धिबळाच्या स्पर्धेला जातात आणि समोर नावाजलेला खेळाडू बसला की पहिली खेळी करण्याआधीच निम्मी हरतात. अशा मुलांना आम्ही मीर सुलतान खान यांचा एक डाव नेहमी सांगतो.

स्थळ इंग्लंडमधील हेस्टिंग्ज, स्पर्धा १९३०-३१ ची. एका बाजूला क्युबाचे कापाब्लांका. १९२१ ते १९२७ जगज्जेते, आणि एके काळी सलग आठ वर्षे एकही डाव न हरलेला माणूस! दुसऱ्या बाजूला पंजाबातील एका खेड्यातून आलेले, सर उमर हयात खान या बड्या जमीनदाराच्या पदरी असलेले सुलतान खान. (त्यांना सर्रास 'नोकर' म्हटले गेले, पुढे त्यांच्या कुटुंबीयांनी या शब्दाला हरकत घेतली, आणि ती ऐकून घ्यायला हवी.) ते शिकले देशी बुद्धिबळ. त्यात प्यादे पहिल्या खेपेलाही एकच घर सरके. विलायती नियम त्यांना मागाहून शिकावे लागले. तरीही १९२९ साली विलायतेत पोहोचताच त्याच वर्षी ते ब्रिटिश विजेते झाले होते.

डावात सुलतान खानांकडे पांढरी मोहरी. कापाब्लांकांचे दोन्ही हत्ती उघड्या पट्टीतून थेट आत घुसले, राजाला शह बसला. पाहणाऱ्याला वाटावे, संपले. सुलतान खानांनी शांतपणे वजीर दिला आणि त्याच्या बदल्यात दोन्ही हत्ती घेतले. आम्ही पडलो हिशेबाच्या टेबलावरचे कारकून. वजीर नऊ गुणांचा, दोन हत्ती मिळून दहा! पण एका गुणाने डाव जिंकत नाही. एकटा वजीर सारखा शह देत फिरतो, राजाला उसंत मिळत नाही. म्हणून घाई न करता त्यांनी आधी राजा सांभाळला, मग हत्ती एकमेकांच्या आधाराने पुढे आणले. पासष्टाव्या खेळीपर्यंत ही चिकाटी चालली आणि कापाब्लांका हरले.

स्पर्धा मात्र मॅक्स यूवे यांनी जिंकली. सुलतान खान तिसरे आले. १९३२ व १९३३ साली ते पुन्हा ब्रिटिश विजेते झाले, मग मायदेशी परतले. १९६६ साली सरगोध्यात त्यांचे निधन झाले. जागतिक संघटनेने त्यांना सन्माननीय ग्रँडमास्टर केले ते २०२४ साली!

आणि भगिनींनो, उमर हयात खानांच्याच घरातील फातिमा ही तरुणी १९३३ साली ब्रिटिश महिला विजेती झाली. तिचे नाव किती जणींनी ऐकले आहे?