रस्ता रिकामा की रस्ता बंद? मॅप्सला फरक कळत नाही

ऑगस्टमधली दुपार. चामोर्शीत छान ऊन पडलंय. फोनच्या वेदर ॲपवर सूर्याचं चित्र आहे. मार्कंड्याचं दर्शन आटोपून तुम्हाला गडचिरोली, आरमोरीमार्गे नागपूर गाठायचंय. मॅप्स उघडता, निळी रेष येते, कुठेही लाल पट्टा नाही. तासाभराने तुम्ही ट्रकच्या रांगेत उभे असता आणि समोरच्या पुलावरून तपकिरी पाणी चाललेलं असतं. मागे फिरावं म्हटलं, तर येताना ओलांडलेला नालाही आता भरलाय. नेटवर्कची एक कांडी येते आणि जाते.

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. नवल वाटायला हवं ते वेगळ्याच गोष्टीचं. खिशातल्या फोनला मुंबईतल्या सिग्नलवर किती गाड्या उभ्या आहेत ते कळतं, मग दहा किलोमीटरवरचा पूल पाण्याखाली गेलाय हे का कळत नाही?

ऊन इथलं, पाणी सिवनीचं

पहिला घोळ वेदर ॲपचा. ॲप तुमच्या पिनपुरतं बोलतं, म्हणजे तुम्ही जिथे उभे आहात तिथे पाऊस पडेल की नाही, एवढंच. पण वैनगंगा उगम पावते मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात. तिथून बालाघाट, मग भंडारा, पवनीजवळ गोसीखुर्द धरण आणि त्यानंतर वडसा, ब्रह्मपुरी, आरमोरी करत ती मार्कंड्याला येते. (एरवी दक्षिणेकडे जाणारी नदी इथे वळून उत्तरेला वाहते, म्हणून तर या जागेचं महत्त्व.) पाऊस वरच्या राज्यात पडतो आणि पूर खाली येतो. मधल्या काळात चामोर्शीत कपडे वाळत घातलेले असू शकतात.

२०२० च्या ऑगस्टअखेरीस नेमकं हेच झालं. मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला, तिथल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं आणि गोसीखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले. खाली ब्रह्मपुरीपासून गडचिरोलीपर्यंत गावं आणि रस्ते पाण्याखाली गेले. त्या दिवसांत ज्यांनी फक्त आपल्या गावचा पाऊस पाहिला, त्यांना धोका दिसलाच नसेल.

आणखी एक गोष्ट नकाशावर कधीच दिसत नाही. मोठी नदी भरली की तिला मिळणाऱ्या लहान नद्या-नाल्यांचं पाणी पुढे सरकत नाही, उलटं मागे फुगतं. त्यामुळे वैनगंगेवरचा उंच पूल कोरडा असतो आणि त्याच्या अलीकडच्या साध्या नाल्यावर रस्ता तुटतो. गडचिरोलीजवळच्या कठाणीचं आणि आरमोरी रस्त्यावरच्या पाल नदीचं नाव पावसाळ्यातल्या बातम्यांत पुन्हा पुन्हा येतं, ते बरेचदा यामुळेच.

"दुसरा रस्ता घेऊ" म्हणाल, तर चामोर्शीच्या बाजूने चंद्रपूरला जायला हरणघाट-मूल, गडचिरोली-व्याहाड-सावली किंवा आष्टी-गोंडपिंपरी असे पर्याय मॅप्स दाखवेल. दिसायला तीन, पण तिघांनाही वैनगंगा ओलांडावीच लागते.

निळी रेष येते कुठून?

आता मुख्य मुद्दा. गुगल मॅप्स रस्त्याकडे बघत नाही, ते फोनकडे बघतं. रस्त्यावर चाललेल्या हजारो फोनचा वेग पाहून ते ठरवतं की इथे गर्दी आहे, तिथे मोकळं आहे. त्यात मागच्या दिवसांचा अनुभव मिसळतं. पुण्या-मुंबईत हे झकास चालतं, कारण तिथे दर मिनिटाला शेकडो फोन सरकत असतात.

आलापल्ली-भामरागड रस्त्यावर मात्र दोन गाड्यांमध्ये बराच वेळ जाऊ शकतो आणि मध्ये नेटवर्क नसतं. तिथून ताजी माहिती आली नाही, तर मॅप्स जुन्या सवयीवर चालतं: "या रस्त्याला एवढा वेळ लागतो." पूल बुडाला, गाड्या थांबल्या, फोनचे सिग्नल बंद झाले, तरी मॅप्सच्या लेखी फार काही घडलेलं नसतं. रिकामा रस्ता आणि बंद रस्ता, दोन्ही त्याला सारखेच दिसतात.

ही अडचण फक्त जंगलातली नाही. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ वणवे पेटले होते. लोक जिवाच्या भीतीने ज्या वस्त्या सोडून गेले, तिथले रस्ते साहजिकच मोकळे होते. नेव्हिगेशन ॲप लोकांना त्याच मोकळ्या रस्त्यांवर पाठवू लागली. शेवटी पोलिसांनी चालकांना सांगितलं की सध्या ही ॲप वापरू नका.

आपल्याकडची उदाहरणं याहून जवळची आहेत. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात रात्री मॅप्स पाहत निघालेली एक गाडी पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली आणि एकाचा जीव गेला. पाण्याखाली गेलेला पूल गावकऱ्यांना माहीत होता, फोनला नव्हता. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली कोसळून तिघे गेले. त्या पुलाचा भाग आधीच्या पुरात वाहून गेला होता, नकाशावर मात्र पूल शाबूत होता.

गुगलने २०२४ च्या नोव्हेंबरात भारतासाठी पाणी साचलेला रस्ता आणि धुकं कळवण्याची सोय जाहीर केली. सोय चांगली आहे. पण कळवणारा माणूस तिथे हवा आणि त्याच्या फोनला नेट हवं. म्हणजे जिथे गरज सगळ्यात जास्त, तिथेच ती सगळ्यात लंगडी.

पाच-सात सेंटिमीटर बर्फात अडकलेलं शहर

इथे एक परदेशी किस्सा सांगायलाच हवा, कारण आपण नेहमी पाण्याला किंवा पावसाला दोष देऊन मोकळे होतो. २८ जानेवारी २०१४ ला अमेरिकेतल्या अटलांटा शहरात बर्फ पडला. थंडीची फारशी सवय नसलेलं हे शहर. बर्फ किती? जेमतेम साडेसहा सेंटिमीटर, म्हणजे बोटभर. पण दुपारी शाळा, कंपन्या आणि सरकारी कचेऱ्या जवळपास एकाच वेळी सुटल्या. सगळ्या गाड्या एकदम रस्त्यावर आल्या, टायरखालचा बर्फ दाबून त्याची काच झाली आणि हजारो लोक रात्रभर गाडीत अडकले. मुलं शाळेतच झोपली. एका बाईची प्रसूती हायवेवर गाडीत झाली.

हवामान खात्याने त्या दिवशी पहाटेच इशारा वाढवला होता. माहिती होती, पण ती ज्या वेळी ज्या माणसापर्यंत पोचायला हवी होती, तशी पोचली नाही. बर्फ आणि पूर यांत साम्य शोधायला जाऊ नका, या मधल्या खड्ड्याकडे बघा. गडचिरोलीतही खड्डा तोच आहे.

यादी आहे, पण फोटोत

पूर आला की जिल्हा प्रशासन बंद मार्गांची यादी काढतं. कुठल्या नाल्यावर पाणी आहे, कुठला रस्ता सकाळी सुरू झाला, सगळं त्यात असतं. ही यादी तुम्हाला मिळते कशी? व्हॉट्सॲपवर, पीडीएफ किंवा फोटो म्हणून, चार ग्रुप फिरून. दुपारी हाती आलेली यादी सकाळची की कालची, हेही कधीकधी कळत नाही.

माणसाला ती वाचता येते, मॅप्सला नाही. "अमुक नाला ते तमुक गाव बंद" हे वाक्य मशीनला काही सांगत नाही. त्याला हवा रस्त्याच्या तुकड्याचा अक्षांश-रेखांश, बंद झाल्याची वेळ आणि सुरू झाल्याची वेळ. तीनच गोष्टी. प्रशासनाने बंद रस्त्यांची माहिती थेट नकाशात भरावी यासाठी वेझ ॲपची मोफत योजना २०१४ पासून आहे आणि वेझ गुगलचंच आहे. म्हणजे यात रॉकेट सायन्स नाही, पैसाही फारसा नाही. यादी टाईप करणाऱ्या माणसाला वर्डच्या तक्त्याऐवजी एक फॉर्म द्यायचा, एवढंच काम आहे. मला विचाराल तर पुराच्या नव्या ॲपपेक्षा हे आधी व्हायला हवं. नवं ॲप लोक डाऊनलोड करतीलच असं नाही, मॅप्स मात्र प्रत्येकाच्या फोनमध्ये आधीच उघडं आहे.

तोवर काय उघडायचं? केंद्रीय जल आयोगाचं फ्लडवॉच इंडिया. २०२३ मध्ये आलेलं हे ॲप नदीच्या मोजणी ठाण्यांवरची पातळी आणि पुढचा अंदाज दाखवतं. वैनगंगेसाठी आष्टीचं ठाणं बघा, प्राणहितेसाठी टेकड्याचं. आणि मार्कंड्याच्या भागात असाल, तर आपल्या गावाच्या पावसाआधी गोसीखुर्दमधून किती पाणी सुटलंय ते बघा. धरणातून निघालेलं पाणी इथवर यायला तास लागतात, तेवढा वेळ हातात असतो.

तो कर्कश आवाज आठवतोय?

२०२३ मध्ये एके दिवशी सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते, स्क्रीनवर इशारा, तोही मराठीत. ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. साधा मेसेज एकेका नंबरला जातो. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत कांड्या पूर्ण दिसूनही मेसेज अडकतो, कारण एका टॉवरवर फार फोन लटकलेले असतात. सेल ब्रॉडकास्ट रेडिओसारखं आहे. टॉवर एकदाच बोलतो आणि त्याच्या टप्प्यातले सगळे फोन ऐकतात. नंबर लागत नाही, इंटरनेट लागत नाही, गर्दीचा फरक पडत नाही. सेटिंगमध्ये "इमर्जन्सी अलर्ट" शोधा आणि चाचणीच्या त्या आवाजाला वैतागून बंद केलं असेल तर परत चालू करा.

पण टॉवर जिवंत हवा. झाड पडून वीज गेली की टॉवर बॅटरीवर जातो, मग डिझेलवर आणि रस्ता बंद असेल तर डिझेल नेणार कोण? पुराने रस्ता तुटतो, रस्त्यामुळे टॉवर बसतो आणि टॉवर बसला की पुराची खबर थांबते.

अडकलातच तर

पाणी "थोडंसंच" आहे असं वाटेल. हिशोब करा. लहान गाडीचा तळ साधारण ५ चौरस मीटर. पाणी तळाला लागल्यावर दर १० सेंटिमीटरला जवळपास ५०० किलोचा वरचा रेटा मिळतो. गाडीचं वजन ९०० किलो. म्हणजे तळाच्या वर २० सेंटिमीटर पाणी चढलं की टायरची रस्त्यावरची पकड संपली आणि ती होडी झाली, सुकाणू नसलेली. रस्त्यापासून मोजलं तर हे पाणी गुडघ्याच्याही खाली असतं. ट्रक जड असतो म्हणून वाचेल, हा भरवसाही नको. जुलै २०२२ मध्ये आलापल्ली-भामरागड रस्त्यावर पेरमिली नाल्याच्या पुरात ट्रक वाहून गेला आणि त्यातली माणसं गेली. खाली उतरून पाण्याचा अंदाज घ्यायलाही जाऊ नका, घोट्याच्या वर चढलेलं वेगाचं पाणी उभ्या माणसाला पाडतं.

नेट गेलं तरी जीपीएस जात नाही, कारण फोन उपग्रहाचं फक्त ऐकतो. मॅप्समध्ये निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरा, अक्षांश-रेखांशाचे आकडे येतील. ते साध्या एसएमएसने घरी पाठवा. लोकेशन शेअर करत बसू नका, त्याला डेटा लागतो. एसएमएस इतका छोटा असतो की कांडी दोन सेकंद आली तरी निघून जातो. स्क्रीनवर "फक्त इमर्जन्सी कॉल" दिसत असेल, तर तुमच्या कंपनीचं नेटवर्क नाही पण दुसऱ्या कुणाचं तरी आहे, ११२ लावून बघा. काहीच नसेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाका. सिग्नल शोधत बसलेला फोन बॅटरी भराभर खातो. अर्ध्या तासाने एकदा चालू करायचा, मेसेज गेला का बघायचं, परत बंद.

आणि रांगेत पुढे उभा असलेला एसटीचा ड्रायव्हर काय म्हणतो ते विचारा. तो या रस्त्याने रोज जातो, पाणी कुठल्या दगडापर्यंत उतरलं की गाडी काढायची हे त्याला माहीत असतं.