दुरुस्तीचा नकाशा ग्राहकाच्या हाती हवा

वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर किंवा टीव्ही बंद पडला की ठाणे-कल्याण-डोंबिवलीत ग्राहकाला बहुधा एकच उत्तर मिळते: अख्खे किट बदलावे लागेल, त्यापेक्षा नवीनच घ्या. बिघाड एखाद्या डायोडचा किंवा फुगलेल्या कॅपॅसिटरचा असतो आणि बदलला जातो पूर्ण बोर्ड. याचा दोष कारागिराच्या माथी मारणे सोपे असले, तरी ते अन्यायाचे आहे. ज्या सर्किट डायग्रॅमवर त्याचे काम चालते तो आणि सुटे भाग कंपन्यांनी स्वतःकडेच ठेवले आहेत. विक्रीबरोबर हे दोन्ही उपलब्ध करून देणे कंपन्यांना कायद्याने बंधनकारक केले पाहिजे.

डायग्रॅम हाती असला की काय साधते, हे सीबी रेडिओवरून स्पष्ट दिसते. सामान्य नागरिकांसाठी राखलेल्या २७ मेगाहर्ट्‌झच्या पट्टीवर चालणारा हा वायरलेस सेट अमेरिकेत ट्रकचालकांनी लोकप्रिय केला. भारतातही २००५ पासून ५ वॉटपर्यंतच्या सेटना ठरावीक अटींवर परवान्यातून सूट आहे. समजा, गाडीच्या बॅटरीला तारा उलट्या जोडल्या गेल्या आणि सेटचा फ्यूज उडाला. नवा घातला, तोही लगेच उडाला. जाणकार अशा वेळी पुन्हा पुन्हा फ्यूज घालत बसत नाही. तो वीज काढतो, सप्लाय आणि ग्राउंडवर मल्टिमीटर लावतो, शॉर्टचा बीप ऐकतो आणि संरक्षणासाठी बसवलेल्या डायोडचा एक पाय सोडवतो. बीप थांबला की चोर सापडला. दुसऱ्या सेटवर आवाज नीट येतो, पण बोललेले पलीकडे पोचत नाही. म्हणजे सप्लाय ठीक आहे, चॅनेल ठरवणारा भाग बहुधा शाबूत आहे; संशय उरतो माइकच्या तारेवर, ट्रान्समिटकडे वळवणाऱ्या स्विचवर आणि शेवटच्या आउटपुट ट्रान्झिस्टरवर. अँटेना न जोडता बटण दाबले की बाहेर जाऊ न शकलेली शक्ती उलटून याच ट्रान्झिस्टरला जाळू शकते. म्हणून नवा ट्रान्झिस्टर घातल्यावर आधी अँटेनाच्या जागी जोडायच्या ५० ओहमच्या डमी लोडवर चाचणी घ्यायची. ही सारी तर्कशक्ती चालते, कारण जुन्या सेटांचे डायग्रॅम मिळतात आणि कोणत्या टोकाला किती व्होल्ट हवेत हे त्यांवर छापलेले असते.

या कौशल्याची गरज ठाणे-कल्याणच्या पट्ट्याला इतरांहून जास्त आहे. २६ जुलै २००५ च्या प्रलयात उल्हास नदीचे पाणी बदलापूर-कल्याणच्या वस्त्यांत शिरले, वीज गेली, मोबाइल सेवा कोलमडली. अशा वेळी टॉवरवर न विसंबणारा वायरलेस आणि साधा इन्व्हर्टर किती मोलाचे ठरतात, हे वेगळे सांगायला नको. पण ती यंत्रे चालू स्थितीत असायला हवीत, आणि पावसाळी ओलीत गंजलेला जोड किंवा ड्राय सोल्डर शोधणारा माणूसही जवळपास असायला हवा. शिवाय २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला. दुरुस्त झालेले प्रत्येक यंत्र या ढिगातून वाचते.

आजचे बोर्ड बहुस्तरीय, त्यावरचे भाग मोहरीएवढे. ते दुरुस्त होणारच नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. मुख्य चिपबाबत तो काही अंशी खरा आहे. पण बिघडतात ते बहुधा वीज, उष्णता आणि ओल सोसणारे भाग: सप्लाय, रिले, कनेक्टर. ते आजही हॉट एअरने काढता-बसवता येतात. दुसरा आक्षेप मजुरीचा. तास-दोन तास फॉल्ट शोधण्यात गेले तर नवे यंत्र स्वस्त पडते, हे खरे. मात्र हा वेळ लागतो तो डायग्रॅमअभावी अंधारात चाचपडावे लागते म्हणून. तिसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो गंभीर आहे. अमेरिकी ४० चॅनेलचा सीबी सेट २७.४०५ मेगाहर्ट्‌झपर्यंत जातो, तर आपली सूट २७.२८३ ला संपते. सेट नीट न जुळवल्यास इतरांच्या संदेशांत व्यत्यय येऊ शकतो. यावर उपाय माहिती दडवण्याचा नाही, प्रशिक्षण आणि प्रमाणपत्राचा आहे. व्यापारी गुपिताचा मुद्दाही टिकत नाही: कुठल्या टोकाला किती व्होल्ट असावेत हे सांगितल्याने चिपमधला प्रोग्रॅम उघड होत नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी पोर्टल सुरू केले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये याबाबतचा निर्देश काढला. आपणही आता पोर्टलच्या पुढे जाऊन कायदा केला पाहिजे. कायद्याच्या जोडीला कुशल हातही हवेत. एमआयडीसीची सुरुवात १९६२ मध्ये ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये झाली. हा जिल्हा हाताने काम करणाऱ्यांचा आहे. इथल्या आयटीआयमध्ये बोर्ड बदलण्यापेक्षा फॉल्ट शोधण्यावर भर द्यावा. महापालिकांनी गोळा केलेला ई-कचरा भंगारात देण्याआधी दुरुस्तीयोग्य यंत्रे बाजूला काढावीत. ग्राहकांनीही खरेदी करतानाच दुकानदाराला विचारावे, याचे सुटे भाग आणि डायग्रॅम मिळतील का? हा प्रश्न हजारो तोंडी आला, तर कंपन्यांना उत्तर द्यावेच लागेल.