हाती आलेला पूर्ण पगार

परवा रविवारी वंदना झाल्यावर विहारात एक उपासक मुलीचे कागद घेऊन माझ्याकडे आले. स्वतः पालिकेच्या सफाई खात्यात उभा जन्म घालवून निवृत्त झालेले, मुलगी इंजिनिअर. २०२५-२६ च्या वर्षात तिने नोकरी बदलली, पगार वाढला, गल्लीत पेढे वाटले. पुढे विवरणपत्र भरायला बसली तर ८८,१४० रुपये कर निघाला. "भाऊ, कंपनीने एक पैसा कापला नाही, मग हा कर कसला?"

पगारपत्रकातला कपातीचा रकाना रिकामा दिसला की आपल्याला आनंद होतो. घात तिथेच होतो. पहिल्या कंपनीत तिला महिना एक लाख होते. वर्षाचे बारा लाख, त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट. नव्या कररचनेत करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे पगारावर कर लागत नाही. म्हणून कपात शून्य. ऑक्टोबरपासून दुसरी कंपनी, महिना १,४०,०००. तिने आपल्याकडचे सहा महिने धरले, ८,४०,०००. त्यातूनही ७५,००० वजा. इथेही कपात शून्य! पण सरकारदरबारी माणूस एक, पॅन एक. दोन्हीकडचे मिळून १४,४०,०००, वजावट एकदाच, आणि १३,६५,००० वर कर.

एवढ्यावर भागत नाही. कपातीनंतर दहा हजार किंवा त्याहून जास्त कर उरत असेल, तर तो १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना आगाऊ भरायचा असतो. (साठी ओलांडलेल्यांना, धंद्याचे उत्पन्न नसेल तर, यातून सूट आहे.) न भरल्यास महिन्याला एक टक्का व्याज. जुलैअखेर भरणा केला तरी या मुलीचे व्याज आठ हजारांच्या जवळ जाते. कायदा त्याला दंड म्हणत नाही, खिसा मात्र तेवढाच रिकामा होतो.

मी मुलीला बोलावून विचारले, नव्या कंपनीने आधीच्या पगाराचा तपशील मागितला नव्हता का? मागितला होता. तिने तो कागद कोराच ठेवला. आधी कमी मिळत होते हे कळले तर आपली किंमत कमी होईल, ही भीती. आपल्या पोरांच्या मनातली ही भीती मी ओळखतो, त्यामुळे तिला रागावलो नाही. पण तो तपशील लेखी दिला असता तर ऑक्टोबरपासून महिना १४,६९० रुपये कापले गेले असते आणि व्याजाचा प्रश्न आला नसता. जानेवारीत सांगितले असते तरी उरलेल्या तीन पगारांतून कर वळता झाला असता, जरा जड गेले असते इतकेच.

हेच ठेवींच्या व्याजाचे आणि भाड्याने दिलेल्या खोलीचे. बँक व्याजावर दहा टक्के कापते. तुमचा दर वीस टक्के असेल तर बाकीचे तुमच्या डोक्यावर राहतात. हे उत्पन्नही कंपनीला लेखी कळवून पगारातून जादा कपात करून घेता येते. घरची गोष्ट कार्यालयात कशाला, असे वाटते खरे. पण १९२५ साली प्रांतिक वित्तव्यवस्थेवर ग्रंथ लिहिणाऱ्या बाबासाहेबांच्या लेकरांनी हिशेबाला का लाजावे?

ज्यांच्या मुलामुलींनी यंदा नोकरी बदलली असेल, त्यांनी दोन्हीकडच्या पगाराच्या स्लिपा घेऊन वंदनेनंतर विहारात यावे. मी अकरापर्यंत असतो.