वॉशिंग मशीनही पंपासारखे धुवावे लागते



भातलावणीच्या दिवसांत परंदवडीला एका घरी चहाला थांबलो होतो. घरातल्या वहिनी म्हणाल्या, "साहेब, तुम्ही भाताचे रोग ओळखता. आमच्या मशीनला काय झालंय तेवढं सांगा. धुतलेल्या कपड्यांनाही कुबट वास येतो. साबण दुप्पट घातला तरी जात नाही."

रोग तिथेच होता. जादा साबण पुरता खळबळून निघत नाही. त्याचा साका, खाचरातला गाळ आणि अंगाचा तेलकट मळ मशीनच्या आत बसतो. मावळातल्या पावसाळ्यात हवा ओली, त्यात झाकण बंद. मग त्या बुळबुळीत थरात जिवाणू आणि बुरशी वाढतात. वास येतो तो त्यांचा.

तणनाशक मारलेला पंप न धुता पिकावर वापरला तर पीक करपते, हे आपण जाणतो. मशीनचेही तसेच आहे. आत जे उरते, ते पुढच्या कपड्यांना लागते.

म्हणून चिखलाचे कपडे आधी बाहेर खळबळून घ्यावेत. साबण पुड्यावर लिहिलेल्या मापानेच घालावा. धुणे झाले की कपडे लगेच काढून झाकण उघडे ठेवावे. लहान मुले असतील तर लक्ष असू द्यावे. आठवड्यातून एकदा धागे अडकणारी जाळी आणि साबणाचा कप्पा धुवावा. दार पुढे असेल तर त्याच्या रबराची घडी फडक्याने पुसावी. हे करताना प्लग काढलेला असावा. महिन्यातून एकदा रिकामे मशीन गरम पाण्यावर चालवावे. किती गरम चालते, ते मशीनबरोबरच्या पुस्तिकेत पाहावे. उकळते पाणी ओतू नये, प्लास्टिक वाकते.

पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर किंवा ब्लीच कधीही व्हिनेगर, लिंबूसत्त्व वा संडासाच्या ॲसिडबरोबर मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. त्याच घरी फवारणीचा सदरा बाळाच्या दुपट्यांबरोबर टोपलीत पडलेला दिसला. वास निदान नाकाला कळतो, औषधाचा अंश कळतही नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरू नये. फवारणीचे कपडे त्याच दिवशी, हातमोजे घालून, वेगळे धुवावेत आणि उन्हात वाळवावेत. मशीनमध्ये धुतले तर नंतर साबण घालून मशीन एकदा रिकामे चालवावे. औषध सांडून भिजलेला कपडा मात्र धुऊ नये, तो वापरातूनच काढावा.

वहिनींनी तो सदरा तेव्हाच बाजूला काढला. आज आपल्या घरची टोपलीही एकदा पाहून घ्यावी.