आधी मागचं चाक काढून दाखवा!

जुनी गाडी ‘खाली’ करण्याची सध्या आपल्याकडे लाटच आली आहे. पार्किंगमध्ये विषय निघाला की ठरलेला कार्यक्रम: जुनी पद्मिनी शोधायची, मागचे पाटे सरळ करून घ्यायचे, रुंद टायर टाकायचे, की झालं! गाडी भारी दिसते, यात वाद नाही. मला पण आवडते. पण मित्रांनो, एक साधा प्रश्न आहे. त्या गाडीचं मागचं चाक रस्त्यात पंक्चर झालं, तर ते बाहेर कसं काढणार?

हसू नका, प्रश्न सीरियस आहे. गेल्या पावसाळ्यात अंबड लिंक रोडवर अशीच एक गाडी बघितली. पंक्चरवाल्याचा जॅक खाली जाईचना. चार जणांनी बंपरला धरून गाडी उचलली, खाली विटा सरकवल्या. मग जॅक लावला हाउसिंगखाली. चाक जमिनीवरून उठलं, नट निघाले, पण टायर मडगार्डमध्ये अडकलेलाच! शेवटी दुसरा जॅक आणून बॉडी उचलली आणि पंक्चरवाल्याच्या हाताखालच्या पोराने आत हात घालून चाक ओढलं. मालक बाजूला उभा राहून फोनवर बोलत होता. ओल्या मातीत जॅक सरकला असता तर हात कोणाचा गेला असता? मालकाचा नक्कीच नाही.

आता आपण इंजिनिअरिंगवाले, तर थोडं गणित करू. पद्मिनीला कंपनीचा टायर ५.२०-१४ या मापाचा. म्हणजे रुंदी ५.२० इंच, साधारण १३२ मिलिमीटर, आणि रिम १४ इंची. त्याऐवजी १८५/६० आर १४ टाकला की रुंदी ५३ मिलिमीटरने वाढली. रिमचा मध्य तोच ठेवला तरी प्रत्येक बाजूला २६ मिलिमीटर टायर जास्त. मडगार्ड मात्र होतं तेवढंच! उंचीचं बघा. जुन्या मापाच्या जवळचा रेडियल म्हणजे १५५/८० आर १४, त्याचा व्यास सुमारे ६०४ मिलिमीटर. १८५/६० चा सुमारे ५७८. नुसत्या टायरनेच गाडी १३ मिलिमीटर खाली आली, पाटे सरळ केले ते वेगळेच. त्यात हवा गेली की तो कोपरा आणखी पाच-सहा सेंटिमीटर बसतो. आता जॅक कुठे घालणार?

दुसरी गोष्ट जॅक लावण्याच्या जागेची. मागे सरळ हाउसिंग आणि पाटे असलेल्या गाडीत जॅक हाउसिंगखाली लावला, तर पाटे दबलेलेच राहतात आणि चाक मडगार्डच्या आतच राहतं. बॉडी उचलली, तर हाउसिंग खाली लोंबकळतं आणि चाक बाहेर यायला जागा होते. म्हणून खाली केलेल्या गाडीत आधी चाक जमिनीवर असतानाच नट ढिले करायचे, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावायचे, मग बॉडी मजबूत जागी उचलून खाली घोडी द्यायची. मागचं चाक वर असताना हँडब्रेकवर अजिबात विसंबायचं नाही. नवा टायर आत जात नसेल तर त्याची हवा सोडून चढवायचा आणि नंतर भरायची. हे सगळं गॅरेजमध्ये जमतं. रात्री पाथर्डी फाट्यावर, हायवेच्या कडेला? करून बघा!

गंमत म्हणजे ‘स्टेपनी’ हा शब्दच या अडचणीतून आला. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ मध्ये दोघा भावांनी जादा चाक बनवलं. तेव्हा चाक काढण्याची सोय नव्हती, म्हणून ही जादा रिम पंक्चर झालेल्या चाकालाच क्लॅम्पने बसवत. रस्त्यात अडकलेला माणूस घरी पोचावा म्हणून लोकांनी एवढं डोकं चालवलं, आणि आपण शंभर-सव्वाशे वर्षांनी फोटोसाठी ती सोय घालवतो!

यावर काहीजणांचा उपाय ठरलेला: मडगार्ड कापा. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. मुंबईत कुर्ल्याला बनणारी ही गाडी बंद होऊन दोन दशकं उलटली. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आता कापलेला पत्रा परत कुठून आणणार? शिवाय २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. सुरुवातीच्या पद्मिनी आत्ता कुठे पन्नाशी ओलांडताहेत, आणि आपण ग्राइंडर घेऊन तयार! मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे ते वेगळंच. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालणार नाही, हे २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं आहे.

कोणी म्हणेल, हौसेला मोल नसतं. मान्य! पण हौस आपली आणि हात दुसऱ्याचा, हे कुठलं गणित? आपल्या शेजारी सातपूरला सिएटचे टायर बनतात, अंबडच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनतात. इथे शिकून आपल्याला एवढं तरी कळायला हवं, की जी वस्तू साध्या माणसाला साध्या हत्याराने दुरुस्त करता येत नाही, तिचं डिझाइन अर्धवट आहे. मग ती कितीही चकाचक दिसो.

म्हणून माझी सूचना एवढीच. गॅरेजवाल्याला पैसे देण्याआधी तिथेच मागच्या टायरची हवा सोडा. डिकीतला स्वतःचा जॅक काढा आणि स्वतःच्या हाताने चाक काढून परत बसवा. मग पाच जण बसवून एका स्पीडब्रेकरवरून गाडी न्या आणि टायर मडगार्डला घासतो का बघा. दोन्हीत पास झालात तर खुशाल मिरवा, फोटो काढायला मी स्वतः येईन. नाही झालात, तर पाटे परत होते तसे करून घ्या आणि पंक्चरवाल्याला उगाच शिव्या देऊ नका.